लाजाळूचे पान मिटते क्षणात, पण उघडते सावकाश: असे का?

पानगळ (धागाकर्ती)

कुंडीत लाजाळूचे रोप वाढवायला घेतल्याला आता चार महिने झाले आहेत आणि या काळात मी त्याच्याकडे जितके पाहिले आहे तितके दुसऱ्या कोणत्याही झाडाकडे पाहिलेले नाही. बोट लागताच पर्णिकांच्या जोड्या एकामागून एक वर उचलून मिटतात, आणि धक्का जरा जोराचा असेल तर अख्खे पान देठासकट खाली कोसळते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. मिटण्याची क्रिया एक-दोन सेकंदांत आटोपते, परंतु तेच पान पूर्ववत उघडायला दहा ते वीस मिनिटे घेते. ज्या यंत्रणेला एवढ्या चपळाईने पान मिटवता येते, तिला ते तितक्याच चपळाईने उघडता का येऊ नये?

दुसरा प्रश्न असा, की थोड्या थोड्या वेळाने वारंवार स्पर्श करत राहिल्यास रोप हळूहळू प्रतिसाद देईनासे होते. ते थकते, की हा स्पर्श निरुपद्रवी आहे असे काहीतरी शिकते? 'झाडांनाही मन असते' या वळणावर चर्चा गेली की ती पुढे सरकत नाही असा अनुभव आहे, म्हणून शक्यतो पान, पेशी आणि पाणी यांविषयीच बोलावे अशी विनंती करते.

कुतूहल

मिटणे आणि उघडणे या एकाच क्रियेच्या उलटसुलट दिशा आहेत असे आपण गृहीत धरतो, तिथेच गफलत होते. वनस्पतीला स्नायू नसतात. लाजाळूच्या पानात देठाच्या बुडाशी एक फुगीर गाठ असते, तिला पल्व्हायनस म्हणतात. अशीच लहान गाठ पानाच्या प्रत्येक शाखेच्या बुडाशी असते आणि त्याहून लहान गाठ प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशी असते. म्हणजे एका पानात तीन पातळ्यांवर बिजागऱ्या बसवलेल्या आहेत. प्रत्येक गाठीच्या दोन बाजूंच्या पेशी पाण्याने तट्ट फुगलेल्या असतात आणि एकमेकींना रेटत असतात. दोन्ही बाजूंनी दोर ताणून उभा केलेला तंबूचा खांब डोळ्यांसमोर आणावा. खांब स्थिर दिसतो, पण तो तणावामुळे स्थिर असतो. एका बाजूचा दोर सैल केला की खांब पाडण्यासाठी वेगळा जोर लावावा लागत नाही.

स्पर्श झाला की गाठीच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम आणि क्लोराइड यांचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, झपाट्याने बाहेर पडतात, त्यांच्यामागोमाग पाणी पेशीबाहेर जाते आणि ती बाजू लुळी पडते. देठाच्या बुडाच्या मुख्य गाठीत ही बाजू खालची असते, म्हणून देठ खाली पडतो. पर्णिकांच्या गाठींत ती वरची असते, म्हणून पर्णिका वर उचलून एकमेकींना चिकटतात. एकच युक्ती उलटसुलट बसवल्याने पानाच्या दोन भागांत दोन विरुद्ध हालचाली दिसतात, ही बाब मला स्वतःला फार देखणी वाटते.

आता उघडण्याविषयी. बाहेर गेलेले आयन आपोआप परत येत नाहीत. पेशीच्या आवरणातील पंपांना ऊर्जा खर्च करून आधी प्रोटॉन बाहेर ढकलावे लागतात, मग त्या विद्युत् फरकाच्या बळावर पोटॅशियम आत येते, आणि त्यानंतर तर्षणाने (ऑस्मॉसिसने), म्हणजे आयन जास्त असलेल्या बाजूकडे ओढले जाऊन, पाणी आत शिरून पेशी पुन्हा फुगतात. मिटण्याचा खर्च आधीच करून ठेवलेला असतो. स्पर्श फक्त खटका ओढतो. तुम्ही ज्याला उघडणे म्हणता ते खरे तर पुढच्या वेळेसाठी धनुष्य पुन्हा ताणणे आहे आणि त्यालाच ती दहा-वीस मिनिटे लागतात.

जुना माळी

कुतूहल यांनी सांगितलेली गोष्ट हातानेही पडताळता येते. पेन्सिलीच्या टोकाने मुख्य देठाच्या बुडाची गाठ वरून हलकेच दाबावी आणि मग तीच गाठ खालच्या बाजूने स्पर्शावी. खालच्या बाजूचा स्पर्श बहुधा लगेच लागू पडतो.

रसायनी

प्रश्न बिजागरीचा आहे तसाच निरोपाचाही आहे. टोकाच्या पर्णिकेला केलेला स्पर्श बुडाच्या गाठीला कसा कळतो? साध्या स्पर्शानंतर पानातून एक विद्युत् स्पंद धावतो आणि त्याचा वेग सेकंदाला साधारण दोन ते तीन सेंटिमीटर असतो. प्राण्यांच्या चेतातंतूंच्या तुलनेत हा वेग किरकोळ आहे, पण चेतातंतूच नसलेल्या सजीवाच्या मानाने तो विलक्षणच म्हणावा लागेल. जगदीशचंद्र बोस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लाजाळूवर जे प्रयोग केले त्यांचा गाभा हाच होता. सेकंदाचे सूक्ष्म अंश नोंदवणारी यंत्रे त्यांनी स्वतः घडवली. स्पर्श आणि हालचाल यांच्यामधला विलंब मोजला आणि हा निरोप विद्युत् स्वरूपाचा आहे असा आग्रह धरला.

त्यांच्या विरोधात गेलेला एक प्रयोगही तितकाच सुंदर आहे. इटलीच्या उबाल्दो रिक्का यांनी १९१६ मध्ये लाजाळूचे खोड मधोमध कापले आणि दोन तुकडे पाण्याने भरलेल्या नळीने जोडले. एका तुकड्याला चटका दिल्यावर पलीकडच्या तुकड्यावरची पानेही मिटली. जिवंत पेशींचा दुवा तुटलेला असतानाही निरोप पोहोचला, त्याअर्थी जखमेतून एखादे रसायन पाण्याबरोबर वाहत गेले असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. यावर पुष्कळ वाद झाला. आजचे चित्र असे आहे की दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. हलक्या स्पर्शाचा निरोप विद्युत् स्पंदाने जातो, तर कापणे, जाळणे किंवा किडीने कुरतडणे अशा इजेचा निरोप पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांतूनही जातो आणि तो दूरवरच्या पानांपर्यंत पोहोचतो.

धागाकर्तीने मनाचा विषय टाळायला सांगितले आहे, त्यामुळे बोस यांच्या विवेचनातील त्या बाजूविषयी मी काही लिहीत नाही. त्यांची मोजमापे त्यांच्या तत्त्वज्ञानापेक्षा अधिक टिकाऊ ठरली, एवढेच म्हणतो.

दुर्वा

थोडी भर घालते. २०२२ मध्ये जपानमधील संशोधकांनी लाजाळूत असे जनुक घातले, की पेशीतील कॅल्शियम वाढले की ती पेशी प्रकाशमान व्हावी. पानाला इजा केल्यावर कॅल्शियमची लाट पर्णिकेकडून पर्णिकेकडे जाताना सरळ दिसते, आणि लाट गाठीत पोहोचल्यानंतर सुमारे एक दशांश सेकंदाने ती पर्णिका हलते. म्हणजे विद्युत् स्पंदाच्या जोडीला कॅल्शियमही या निरोपात सामील आहे. याच संशोधनाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, पण तो 'या हालचालीचा उपयोग काय' या प्रश्नाशी निगडित आहे. कोणी विचारल्यास लिहीन.

पानगळ

सर्वांचे आभार. तंबूच्या खांबाचे उदाहरण मनात पक्के बसले. मग व्हीनसच्या सापळ्याचे, म्हणजे माशी पकडणाऱ्या त्या वनस्पतीचे, पानही याच पद्धतीने मिटते का? त्याच्या पाकळीसारख्या दोन पाळ्या मिटायला सुमारे एक दशांश सेकंद लागतो असे वाचले आहे. एवढ्या थोड्या वेळात एवढ्या जाड पानातून पाणी बाहेर जाऊ शकते का?

(दुर्वा, उपयोगाविषयीही अवश्य लिहावे.)

कुतूहल

अगदी नेमकी शंका आहे. पाणी पेशींच्या ऊतीतून झिरपत जाते आणि ऊतीची जाडी वाढली की त्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली तर वेळ चौपट होतो. लाजाळूच्या गाठी बारीक असल्यामुळे निव्वळ पाण्याच्या जोरावर सेकंदाभरात हालचाल शक्य होते. व्हीनसच्या सापळ्याच्या पाळीचा आकार आणि जाडी पाहता केवळ पाणी हलवून एवढा वेग गाठणे कठीण आहे.

२००५ मध्ये योएल फोर्तेर, एल. महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पानाचे वेगवान चित्रण करून त्याचा उलगडा केला. उघड्या सापळ्याच्या पाळ्या बाहेरच्या बाजूला वळलेल्या असतात, मिटल्यावर त्या आतल्या बाजूला वळतात. जुन्या मऊ टेनिस चेंडूचा अर्धा तुकडा उलटा करून ठेवला की तो थोडा वेळ तसाच राहतो आणि मग टप्पकन मूळ आकारात येतो. इथेही तसेच घडते. पान पाण्याच्या हालचालीने स्वतःला हळूहळू त्या काठापर्यंत नेते, आणि एकदा काठ ओलांडला की वक्र पृष्ठभागात साठलेला ताण उरलेले काम एका झटक्यात करतो. तात्पर्य, इथेही खटका आणि साठवलेला ताण हेच सूत्र आहे, फक्त ताण पाण्याच्या दाबाबरोबर पात्याच्या वक्रतेतही साठवलेला असतो.

आणखी एक गोष्ट इथे उघड होते. लाजाळूला मिटून फारसे काही गमवावे लागत नाही, म्हणून ती एका स्पर्शाने मिटते. व्हीनसचा सापळा रिकामा मिटला तर पुन्हा उघडायला त्याला जवळपास एक दिवस लागतो, आणि प्रत्येक सापळा आपल्या आयुष्यात मोजक्याच वेळा मिटू शकतो. म्हणून तो खातरजमा करतो. प्रत्येक पाळीवर साधारणपणे तीन संवेदनशील केस असतात आणि सुमारे वीस-तीस सेकंदांच्या आत दोन स्पर्श झाले तरच सापळा मिटतो. पावसाचा एखादा थेंब पडून त्याची फसगत होत नाही. आत सापडलेला कीटक धडपडत राहिला आणि केसांना पुन्हा पुन्हा धक्के बसले, तरच पाचक रस स्रवू लागतात. जॉन बर्डन सँडरसन यांनी या पानातील विद्युत् स्पंद १८७३ मध्येच नोंदवला होता. चार्ल्स डार्विन यांना या वनस्पतीचे एवढे अप्रूप होते की त्यांच्या सूचनेवरूनच ते काम हाती घेतले गेले.

जुना माळी

यात एक व्यावहारिक बाब जोडतो, कारण ती फार वेळा दुर्लक्षिली जाते. व्हीनसचा सापळा पाळणारी हौशी मंडळी पाहुण्यांना दाखवण्यासाठी काडीने सापळे मिटवत राहतात आणि मग रोप का खंगले असे विचारतात. कुतूहल यांनी लिहिलेला हिशेब त्यांनी ध्यानात घ्यावा. लाजाळू अशा छळाला पुष्कळ अधिक तोंड देते, पण दिवसभर छेडले तर तिचीही वाढ खुंटते.

वेलांटी

वेगाचीच गोष्ट निघाली आहे, तर पाण्यातल्या वनस्पतींना विसरून चालणार नाही. आल्ड्रोव्हांडा ही मुळे नसलेली, पाण्यात तरंगणारी वनस्पती व्हीनसच्या सापळ्याची जवळची नातलग आहे. तिचे सापळे जेमतेम काही मिलिमीटरचे असतात, पण ते मिटायला सेकंदाचे केवळ एक-दोन शतांश पुरतात. रचना दिसायला सारखी असली तरी इथे पाळ्यांचा आकार उलटत नाही. मध्यशिरेजवळचा पट्टा थोडासा वाकतो आणि त्या लहानशा वाकण्याचे पाळ्यांच्या टोकाशी मोठ्या हालचालीत रूपांतर होते.

सर्वांत वेगवान मात्र युट्रिक्युलेरिया, म्हणजे आपण जिला सीतेची आसवे म्हणतो त्या वनस्पतीचे कूळ. तिच्या पाण्यातल्या प्रजातींचे सापळे म्हणजे बारीक फुगे असतात आणि ते पानांचेच रूपांतर मानले जातात. फुगा आतले पाणी हळूहळू बाहेर उपसतो, त्यामुळे त्याच्या भिंती आत खेचल्या जातात. दारावरच्या केसाला एखाद्या सूक्ष्म जिवाचा धक्का लागला की दार आत दुमडते, भिंती फुगून बाहेर येतात आणि पाणी त्या जिवासकट आत ओढले जाते. हे सारे एका मिलिसेकंदाच्या आत घडते. नंतर पाणी पुन्हा उपसून सापळा सज्ज करायला पंधरा मिनिटे ते अर्धा तास जातो. पानगळ यांच्या पहिल्या प्रश्नातील क्षण आणि मिनिटे यांचे अंतर इथे सर्वांत टोकाला गेलेले दिसते.

दुर्वा

आता उपयोगाविषयी. लाजाळू मिटल्यामुळे तिला नेमके काय मिळते, याची उत्तरे फार काळ अंदाजाने दिली जात होती. मिटलेले पान वाळल्यासारखे दिसते, खोडावरचे काटे उघडे पडतात, बसू पाहणाऱ्या कीटकाचा पाय घसरतो, असे ते अंदाज होते. मी वर उल्लेख केलेल्या २०२२ च्या संशोधनात ज्यांच्या पानांना ही बिजागरीच नाही अशी रोपे जनुकीय बदल करून तयार करण्यात आली आणि नेहमीच्या रोपांशेजारी ठेवून त्यांच्यावर टोळ सोडण्यात आले. न हलणाऱ्या रोपांची पाने टोळांनी अधिक खाल्ली. पान हलू शकणे हेच संरक्षण आहे याला यामुळे भक्कम आधार मिळाला.

पण संरक्षणाची किंमत आहे. मिटलेल्या पानावर प्रकाश कमी पडतो आणि अन्ननिर्मिती घटते. मिटून किती वेळ राहायचे याचा हिशेब रोप परिस्थितीनुसार बदलते. कमी प्रकाशात वाढलेली, म्हणजे आधीच उपासमार सोसणारी रोपे लवकर उघडतात, तर भरपूर प्रकाश मिळालेली रोपे अधिक वेळ मिटून राहू शकतात, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले.

पानगळ यांच्या दुसऱ्या प्रश्नाचा धागा इथेच येऊन मिळतो. मोनिका गॅग्लियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये लाजाळूच्या कुंड्या सुमारे पंधरा सेंटिमीटर उंचीवरून मऊ आधारावर पुन्हा पुन्हा पडू दिल्या. सुरुवातीला मिटणारी पाने काही वेळानंतर मिटेनाशी झाली. हा निव्वळ थकवा आहे का हे तपासण्यासाठी त्याच रोपांना हलवून वेगळा धक्का दिला, तेव्हा ती मिटली. अठ्ठावीस दिवसांनंतरही त्या रोपांचा पडण्याला मिळणारा प्रतिसाद कमीच होता. त्यांनी याला सवयीने शिकणे म्हटले आणि मला तो निष्कर्ष पटतो.

रसायनी

मला तो पूर्णपणे पटत नाही. नवा धक्का दिल्यावर पान मिटले, त्यावरून रोप थकलेले नव्हते असे सिद्ध होण्यासाठी दोन्ही धक्के सारख्या तीव्रतेचे असायला हवेत. हलवण्याचा धक्का अधिक जोरदार असेल, तर थकलेली यंत्रणाही त्याला प्रतिसाद देईल. दमलेला माणूस हाकेला उठत नाही, पण गदागदा हलवले की उठतो, तसेच हे आहे. हा आक्षेप नंतर छापीलही घेतला गेला आहे. अठ्ठावीस दिवसांचा मुद्दा मात्र थकव्याने सहज उलगडत नाही हे मी मान्य करतो. पेशीत काहीतरी दीर्घकाळ बदलले असावे. त्याला स्मृती म्हणायचे की पेशींची बदललेली अवस्था म्हणायचे, हा पुष्कळसा शब्दांचा वाद आहे.

दुर्वा

तीव्रतेचा आक्षेप मी मान्य करते. तरीही फ्रान्समधील जुनी गोष्ट आठवल्यावाचून राहवत नाही. रने देफोंतेन यांनी लाजाळूची रोपे घोडागाडीत ठेवून पॅरिसच्या रस्त्यांवरून फिरवली होती. गाडी हलताच पाने मिटली, पण गाडी चालू असतानाच थोड्या वेळाने ती पुन्हा उघडली. रोप थकून गळून गेले असते, तर हादरे चालू असताना धनुष्य पुन्हा ताणण्याची शक्ती त्याने आणली कुठून?

रसायनी

हा मुद्दा चांगला आहे. याला माझ्याकडे तयार उत्तर नाही.

पानगळ

मला आपल्या चर्चेतून एक पडताळणी सुचते. सारख्याच जोराचे दोन वेगळे स्पर्श निवडायचे, एक देठाला आणि एक पर्णिकांना, आणि एकाने रोप प्रतिसाद देईनासे झाले की दुसरा देऊन पाहायचा. त्यात एक अडचण आहे. संध्याकाळ झाली की पाने आपोआप मिटतात. तेव्हा स्पर्शाने मिटलेले पान आणि झोपेने मिटलेले पान यांत फरक कसा ओळखायचा?

कुतूहल

अडचण अशी, की देठाचा आणि पर्णिकांचा स्पर्श वेगवेगळ्या गाठींवर पडेल. जी गाठ एकदाही छेडली गेली नाही ती ताजीच असणार. त्यामुळे दोन्ही स्पर्श एकाच गाठीवर परिणाम करतील असे निवडावेत.

रात्रीच्या मिटण्याची गोष्ट वेगळी आहे. १७२९ मध्ये दोर्तू द मेरां यांनी अशीच एक वनस्पती अंधाऱ्या जागी कोंडून ठेवली आणि प्रकाश नसतानाही तिची पाने दिवसाच्या वेळी उघडतात व रात्रीच्या वेळी मिटतात हे नोंदवले. ती लाजाळूच असावी असे मानले जाते. हा ताल बाहेरच्या स्पर्शाचा नसून आतल्या घड्याळाचा आहे.

दोन्ही अवस्था डोळ्यांना सारख्या दिसतात, परंतु हाताला वेगळ्या लागतात. एर्न्स्ट ब्र्युके यांनी १८४८ मध्ये हे दाखवून दिले होते, की स्पर्शाने पडलेल्या देठाची गाठ लुळी असते, तर रात्री खाली झुकलेल्या देठाची गाठ ताठ असते. झोपेत दोन्ही बाजूंच्या दाबाचा तोल सावकाश बदललेला असतो, कोणताही दोर अचानक सैल सुटलेला नसतो. म्हणून झोपलेल्या पानाचा खटकाही शाबूत असतो. अंधार पडल्यावर मिटलेल्या पानाच्या मुख्य गाठीला खालून हलका स्पर्श करून पाहावा. देठ आधीच झुकलेला असूनही तो आणखी खाली जातो.

पानगळ

आताच करून पाहिले. पर्णिका घट्ट मिटलेल्या होत्या, देठ झुकलेला होता, आणि पेन्सिलीचे टोक लागताच तो खरोखरच आणखी खाली गेला. गाठ आधी आणि नंतर चिमटीत धरून पाहिली, तर फरक बोटांना जाणवतो. उद्यापासून दिवसाच्या नोंदी ठेवायला सुरुवात करते आणि दोन्ही स्पर्श एकाच गाठीवर कसे द्यावेत हे ठरले की इथेच लिहीन.